मायच्या खाटेवरचे पत्रे

माय आमच्या गॅरेजमध्ये बसते. एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, म्हणून पुढचं घाईघाईने सांगावं लागतं. घरात तिला वेगळी खोली आहे, खोलीत कूलर आहे, खिडकीत माझ्या बायकोने तिच्यासाठी म्हणून लावलेली तुळससुद्धा आहे. पण नाना गेले आणि आम्ही मायला गावाहून जळगावला आणलं, तेव्हापासून त्या खोलीत ती फक्त रात्रीची झोपायला जाते, तेही नाइलाजाने. सकाळचा चहा झाला की काठी टेकत गॅरेजमध्ये यायचं, शटर वर करायला लावायचं, खाटेवर बसायचं आणि रस्त्याकडे बघत राहायचं. गाडी बिचारी तेव्हापासून बाहेर लिंबाखाली उभी असते.

"कोणी येणार आहे का माय?" मी एकदा गमतीने विचारलं.

"येवाले कोन शे आते?" ती म्हणाली. "जे गयात ते कोठे गयात, ते तरी दिसू दे."

नाना म्हणजे माझे वडील. ते गेले गावीच, धरणगावच्या पुढे आमचं गाव आहे तिथे, सकाळी चहाची बशी हातात असताना. दुपारी आम्ही त्यांना घेऊन निघालो. आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. माय फाटकापर्यंत आली, तिथे भावकीतल्या दोघींनी तिचे दंड धरले, आणि गल्ली वळते तिथपर्यंत आम्ही तिला दिसत राहिलो. ज्या माणसाच्या ताटात वाढल्याशिवाय ती कधी जेवली नाही, त्याला शेवटचं तिने गल्लीच्या वळणापर्यंत पाहिलं. संध्याकाळी मी आंघोळ करून तिच्यापुढे बसलो तेव्हा तिने विचारलं, "बठ्ठं नीट झायं ना?" सगळ्याला मिळून मी एक "हां" म्हणालो. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

गॅरेजवर पत्रे आहेत. घर बांधताना स्लॅबचे पैसे जिन्यापर्यंत येऊन संपले, म्हणून गॅरेजला पत्रे. गाडीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली माणूस बसवणं म्हणजे त्याला तव्याखाली बसवणं. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच माय बसल्या जागी कलंडली. ऊन लागलं होतं. सलाइन लावून घरी आणली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, एक तर त्यांची जागा बदला, नाही तर जागा थंड करा. मी तिला आत खोलीत बसायची गळ घातली. ती शांतपणे म्हणाली, "घरमा माले कोंडल्यागत व्हस. आठे बसू देत नहीत तं माले गावले सोडी या."

गावाला घर बंद होतं. शेत वाट्याने दिलेलं. तिथे तिला रात्री पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. मी कर्तव्याबिर्तव्याच्या गोष्टी करत नाही. मला ती इथे हवी होती. नाना गेल्यापासून सकाळी उठून ती दिसली नाही तर मी दात घासायचे सोडून तिला शोधत फिरतो. त्यामुळे पत्र्याखाली दुसरं छत घालायचं आणि तेही लवकर, हे ठरलं.

मी सरकारी कार्यालयात बिलं तपासतो. लोकांनी लावलेला भाव खरा आहे यावर विश्वास न ठेवण्याचाच मला पगार मिळतो. ही सवय घरातही सुटत नाही. बायको म्हणते, कोथिंबिरीची जुडी घ्यायलाही हा माणूस कोटेशन मागवेल. बाजारपेठेत छताच्या सामानाच्या ज्या दुकानात गेलो तिथले शेठ मूळचे राजस्थानचे, पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच. माझ्याहून चांगली अहिराणी बोलतात. त्यांनी सरळ सांगितलं की प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊ नका, तुमच्या पत्र्याखाली एका उन्हाळ्यात त्यांचे झोके होतील. घालायचं तर पत्र्याचंच घाला, टिकेल. मग त्यांनी सिलिंगच्या रंगीत पत्र्यांचा भाव सांगितला.

"शेठ, गॅरेज आहे, मंगल कार्यालय नाही," मी म्हणालो.

ते हसले. "मग भाऊ, जुना माल बघा. जुनी शेडं उतरतात. नरडाण्याला बघा, धुळ्याला बघा."

नरडाण्याला औद्योगिक वसाहतीत एक शेड उतरवत होते, तिथे गेलो. ते सगळं एकगठ्ठा विकत होते, खांबांसकट. एवढ्या लोखंडात मी मायला गॅरेज नाही, सिनेमाचं थिएटर बांधून दिलं असतं. हात हलवत परत न जाता तसाच धुळ्याला गेलो. हायवेच्या कडेला भंगाराचं मोठं आवार होतं. मालक ताडपत्रीच्या सावलीत टरबूज खात बसला होता. त्याने एक फोड माझ्या हातात दिली आणि सुरीनेच एका थप्पीकडे खूण केली.

नालीदार पत्रे होते, जुने, जाड. आताच्या पत्र्यासारखे हाताने दुमडतील असे नव्हेत. गंज फार नव्हता. फक्त एका बाजूने काळेमिचकूट होते, बोट लावलं की बोट काळं व्हायचं.

"हे काळं कशाने?"

"चूल असेल शेडात. नाहीतर गुऱ्हाळ. पत्रा सांगतो का भाऊ, मी कुठून आलो ते?"

भंगारात असं विचारत नाहीत. कोणाचं घर मोडलं, कोणाचं दुकान बसलं, हे माल घेणाऱ्याने विचारलं की विकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. वजन करायचं, पैसे द्यायचे. मीही तेच केलं. भाव असा होता की घासाघीस करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही, आणि माझ्या बाबतीत याहून मोठी गोष्ट नाही.

एक छोटा टेम्पो ठरवून पत्रे भरले आणि त्याच्या पुढे गाडी घेऊन अमळनेरवरून निघालो. मागे पत्र्यांचा खडखडाट सतत चालू होता, काचा वर केल्या तरी ऐकू येत होता. धरणगावच्या अलीकडे आमच्या गावचा फाटा येतो. त्या फाट्यावर खडखडाट एकाएकी थांबला. आरशात पाहिलं तर टेम्पो उभा. दोर सैल झाला म्हणून ड्रायव्हर उतरून बांधत होता. मी खाली उतरलो. कपाशीची रानं उन्हात मोकळी पडली होती, वारा अजिबात नव्हता. गावाकडे तोंड करून मी सवयीने हात जोडले. ड्रायव्हर म्हणाला, इतका वेळ पक्का होता, इथेच कसा सुटला कोणास ठाऊक. मी म्हणालो, दोर चांगला ठेवत जा.

छत बसवायला आलेल्या फॅब्रिकेशनवाल्याने तारेच्या ब्रशने काळं घासून पाहिलं. निघेना. "काळी बाजू वर टाकतो," तो म्हणाला, "ही बाजू खाली. तिला पांढरा ऑइलपेंट मारू. वर कोण बघायला जातंय?" वरचा पत्रा आणि हे नवीन छत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट ठेवली, वारा खेळायला. काम झालं आणि खरंच फरक पडला. भर दुपारी माय खाटेवर पाय पसरून झोपली. मी चार दिवस भेटेल त्याला छताचा भाव सांगत सुटलो होतो.

वास आधी मायला आला.

"तूपना वास येस रे भाऊ," ती म्हणाली. बायकोने स्वयंपाकघर पाहिलं, शेजारी विचारलं. कोणी तूप कढवत नव्हतं. वास दुपारीच यायचा, ऊन माथ्यावर आलं की. मग तिला तुपाबरोबर कापराचाही वास येऊ लागला. मी म्हणालो, समोरच्या देवळातून येत असेल. देऊळ दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि मधे गिरणी आहे.

मग आवाज. ऊन उतरलं की पत्रे वाजायचे. टक्‌. थोडं थांबून पुन्हा टक्‌, पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला. बोलता बोलता माय गप्प होऊन वर बघायची. "वर कोन बोलस?" मी तिला समजावलं की पत्रा तापला की फुगतो, निवला की आखडतो, त्याचा आवाज. लहान पोराची कविता ऐकावी तसं तिने ते कौतुकाने ऐकून घेतलं. पण खरं सांगतो, त्या वेळेला काहीतरी निमित्त काढून मीही गॅरेजमध्ये जाऊ लागलो. सायकलचा पंप चालतो का बघ, झाडू कुठे आहे बघ. आणि पत्रा वाजला की माझीही मान वर व्हायची. घरात कोणाला हे बोललो नाही.

मग पांढऱ्या रंगातून डाग वर येऊ लागले. आधी पिवळे, मग तपकिरी. खाटेच्या बरोबर वरच्या पत्र्यावर, एका कोपऱ्यातून तिरकी ओळ. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, साहेब, हे डांबर आहे, जुनी भोकं बुजवलेली असतात, उष्णतेने रंगातून फुटतं. दुसरा हात मारतो. त्याने मारला. आठवडाही गेला नाही, ओळ पुन्हा दिसू लागली. माय उताणी पडून त्या ओळीकडे बघत राहायची.

"रोज इतलं इतलं बाहेर येस," ती म्हणायची. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

एका रविवारी दुपारी मी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. माय आत हात धुवायला गेली होती. माझ्या मनगटावर काहीतरी पडलं. गरम. पाहिलं तर डांबराचा थेंब.

आणि मला सगळं कळलं.

नानांना अग्नी दिल्यावर सगळे मागे सरले, मला मात्र पुढे उभं राहावं लागलं. समोर बघवत नव्हतं. मान फिरवली तर लोक बघत होते. म्हणून मी वर बघितलं. स्मशानातल्या शेडचा पत्रा होता, धुराने काळा झालेला, आणि त्यात बुजवलेल्या भोकांची तिरकी ओळ. जाळाच्या धगीने ते डांबर वितळून भोकांतून खाली ठिबकत होतं. एक थेंब माझ्या मनगटावर पडला होता. घरी आंघोळीच्या वेळी दगडाने घासला तरी गेला नाही. घड्याळाचा पट्टा त्याच्यावर बांधून मी दिवस काढले. ती ओळ मी पाठ करून ठेवली होती, कारण त्या वेळात दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. आता ती माझ्या डोक्यावर होती. फक्त पत्रा उलटा घातल्यामुळे उजवीकडची डावीकडे गेली होती.

स्वयंपाकघरात जाऊन गावी चुलतभावाला फोन लावला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर विचारलं, स्मशानातलं शेड अजून तेच आहे का रे.

"नही भो, ते काढी टाकं. नवं सिमेंटनं व्हई ऱ्हायनं," तो म्हणाला. "जुना पत्रा भंगारवाला लई गया. धुयाना व्हता."

धुयाना, म्हणजे धुळ्याचा. मी फोन ठेवला. बायको दारात उभी होती, तिने माझा चेहरा पाहिला आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. ती आधी खुर्चीत बसली, मग उठून उभी राहिली. "अहो, तिथून आलं की आपण आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. आणि तुम्ही तिथलं छप्परच उचलून आणलंत. तेही गावोगाव भाव काढत हिंडून." मी हसलो नाही, तीही हसली नाही. तिचं म्हणणं, उद्याच्या उद्या पत्रे उतरवायचे, गॅरेज गोमूत्राने धुवायचं, आणि मायला सांगायचं की रंग बिघडला. मला ते पटलं, फॅब्रिकेशनवाल्याला उद्या ये म्हणून फोनही केला. मायला खरं कळलं असतं तर ती त्याच संध्याकाळी पिशवी भरून गावाला निघाली असती, आणि मी तिला कोणत्या तोंडाने थांबवलं असतं? पत्रे काढून आणायचं काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. आतापर्यंत ऊन आणखी वाढलं होतं.

गॅरेजमध्ये परत आलो तर माय खाटेवर येऊन बसली होती. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पातळ दार आहे, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"काय झायं? सांग माले," ती म्हणाली. "मी बहिरी नही शे."

मी रंगाचं सांगायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून ते जमलं नाही. स्टूल ओढून बसलो आणि सांगून टाकलं. पत्रे कुठून आणले, त्याआधी ते कुठे होते, त्यांच्याखाली काय झालं. सांगताना माझी नजर फरशीवर होती. ती पदर तोंडाला लावेल, उठेल, तिच्या सुनेला हाक मारेल, असं मला वाटत होतं. ती मान वर करून एकेक पत्रा बघत गेली.

मग तिने विचारलं, "त्यासना वर कोनता व्हता?"

मी बोटाने दाखवला. डागांची ओळ असलेला. ती त्याच्याचखाली बसली होती.

"उद्या काढतो माय, सगळे."

"काढू नको," ती म्हणाली. "माले तठे कोनी लई गयं नही. तठलंच आठे उनं. राहू दे."

तिथलंच इथे आलं. मला रडू आलं. नाना गेले तेव्हा लोकांसमोर आलं नव्हतं ते आता आलं. तिने मला रडू दिलं, समजूत काढली नाही. मी डोळे पुसल्यावर म्हणाली, "आते सांग. त्या दिनले तू नुसता 'हां' बोलना."

मग मी तिला सांगितलं. लाकडं ओलसर होती म्हणून जाळ लवकर धरेना, काकांनी तुपाचा डबा दुसऱ्यांदा रिकामा केला. नानांच्या सदऱ्याच्या खिशात चष्मा राहिला होता, तो मी शेवटच्या क्षणी काढून घेतला आणि अजून माझ्या कपाटात आहे. मडकं घेऊन फेरी मारताना माझा पाय अडखळला. कवटी फुटल्याचा आवाज होईपर्यंत थांबायचं असतं, तिथे माझी जीभ अडली, पण तिने मान हलवून पुढे सांगायला लावलं. ती मधूनमधून अगदी साधं काहीतरी विचारायची. तिथे तोंडावर तुळस कोणी ठेवली? पायाला माती लागली होती का, ती पुसली का?

"ऊन लागत व्हतं का त्यासले?"

"नही माय. पत्रा व्हता ना वर."

तिने वर पाहिलं आणि मान डोलावली. हे तिला फार बरं वाटलं असावं, कारण त्यानंतर तिचा चेहरा सैल झाला.

"डोकं कोनती बाजूले व्हतं?"

"उत्तरले."

ती उठली. खाटेच्या दक्षिणेच्या टोकाला तिची उशी होती. ती तिने उचलली, दोनदा झटकली आणि उत्तरेच्या टोकाला ठेवली. जिवंत माणसाने उत्तरेला डोकं करून झोपायचं नसतं. लहानपणी आम्ही चुकून तसं झोपलो तर तीच आम्हाला पायाला धरून फिरवायची.

"माय, तिकडे डोकं करू नको," मी म्हणालो.

"माले माहीत शे," ती म्हणाली आणि आडवी झाली.

फॅब्रिकेशनवाल्याला मी येऊ नको म्हणून कळवलं. बायको गॅरेजमध्ये जाते, मायला चहा देते आणि बाहेर आली की पायांवर पाणी घेते. त्यावरून आमच्यात वाद नाही. गावाला सोडून या, असं माय त्यानंतर एकदाही म्हणालेली नाही. मला हेच हवं होतं. आता ती दुपारभर त्या ओळीखाली गाढ झोपते, नाना गेल्यापासून कधी झोपली नव्हती अशी, आणि मला कामात चैन पडत नाही. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी गाडी काढून घरी येतो. शटरपाशी चपला काढतो आणि आधी तिच्या छातीवरचा पदर हलतो आहे का ते बघतो. मग वर बघतो.